जिथे गाणं अडकायचं

कराडचं घर रिकामं केलं त्या दिवशी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढला तो आजोबांचा रेकॉर्ड प्लेयर. आजीने तो स्वतः गोधडीत गुंडाळला, जुन्या साडीच्या काठाने बांधला आणि टेम्पोवाल्याला बजावलं, "हा आडवा ठेवू नका." फ्रिजबद्दल तिने काहीच सांगितलं नव्हतं. तो आडवाच आला आणि पुण्यात पोचल्यावर चार दिवस रुसून बसला.

प्लेयर म्हणजे सत्तरच्या दशकातली एक पेटी. वरून रेक्झिन, खटक्याच्या दोन कड्या, झाकणातच बसवलेला एकुलता एक स्पीकर. वेगाचा खटका चार घरांचा : १६, ३३, ४५, ७८. बाहेर काही जोडायचं तर भोक नाही, सॉकेट नाही. ही पेटी बनली तेव्हा तिला दुसऱ्या कुठल्या यंत्राशी बोलायची गरजच नव्हती. गाणं वाचायचं तिनेच आणि म्हणायचंही तिनेच.

माझ्याकडे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पहिल्या बोनसमधून घेतलेले दोन स्पीकर आहेत. फडताळावर मावतील एवढेच, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा बेल वाजवून झाली आहे. त्यांना ब्लूटूथ आहे, ऑक्स आहे. आजी आता आमच्याकडेच राहणार होती. आजोबा जाऊन तीन महिने झाले होते. मला वाटलं, पेटीतला तो घोगरा स्पीकर बाजूला ठेवू, एक तार बाहेर काढू आणि आजीला तिची गाणी एकदा नीट ऐकवू. म्हणजे मला प्रश्न फक्त तारेचा वाटत होता. तो पंधरा दिवसांत सुटला. त्याच्यामागून जो आला तो अजून सुटलेला नाही, आणि तो खोटं बोलण्याबद्दलचा आहे.

पण आधी तार.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक दुरुस्तीवाले काका आहेत. दुकान एवढं अरुंद की ते आत असले की गिऱ्हाईक बाहेर. त्यांनी पेटी उघडली, सुईच्या हाताखाली बॅटरी मारली आणि म्हणाले, "सिरॅमिक आहे. तार काढून देतो, पण तुम्हाला आवडायचं नाही." मी म्हटलं, द्या तर खरं. त्यांनी दिलं. घरी येऊन जोडलं. आवाज आला तो डासासारखा. गायिकेचा स वरचेवर टोचत होता आणि तबल्यातला डग्गा तर गायबच. फक्त चाट वाजत होती, कुणी खिडकीच्या काचेवर नखं मारावीत तशी.

परत गेले. काका हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी मला जे समजावलं ते मी नंतर वाचून पडताळून पाहिलं, आणि ते बरोबर होतं.

तबकडीच्या खोबणीत सुई हलते. त्या हलण्याची वीज करणाऱ्या भागाला कार्ट्रिज म्हणतात. आजकालच्या टर्नटेबलांत तो बहुधा चुंबकाचा असतो. त्यातून तीन ते पाच मिलिव्होल्ट निघतात, म्हणून त्याला आधी वेगळा फोनो प्रीॲम्प लागतो. जुन्या पेट्यांत सिरॅमिकचा एक बारका तुकडा असायचा. सुई हलली की तो दाबला जातो आणि दाबला की वीज देतो, चुंबकापेक्षा शंभरेक पट जास्त. त्यामुळे जुन्या पेटीला फार यंत्रणा लागत नसे, म्हणूनच ती स्वस्त होती आणि म्हणूनच कराडच्या प्राथमिक शिक्षकाला ती हप्त्यांवर का होईना घेता आली. पण या तुकड्याची एक खोड आहे. तो व्होल्ट देतो, पण त्याच्यातून करंट खेचायला गेलं की कोलमडतो. त्याच्यासमोर साधारण दहा लाख ओहमचा अडथळा लागतो, म्हणजे ऐकणाऱ्याने जवळजवळ काहीच खेचायचं नाही, नुसतं समोर बसायचं. माझ्या स्पीकरच्या ऑक्सचा अडथळा दहा-वीस हजार ओहमचा. तो भसाभस खेचतो. अशा वेळी आधी खालचे सूर जातात आणि शेवटी उरतात ते टोचणारे.

काकांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं, "ताई, तुमचा स्पीकर फार जोरात ऐकतोय."

हे वाक्य मी त्या दिवशी मेट्रोत बसून फोनमध्ये टिपून ठेवलं. आजोबांशी माझं शेवटच्या वर्षात जे बोलणं व्हायचं ते याच जातीचं होतं. मी व्हिडिओ कॉल करायचे, "काय म्हणताय, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, चाललात का आज," आणि ते एकेका शब्दात उत्तर द्यायचे. हो. घेतल्या. नाही. मला वाटायचं ते तुटक झालेत. असो, विषयांतर झालं.

काकांनी मध्ये एक छोटं सर्किट बसवलं. नखाएवढा ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, आत शिरताना दहा लाख ओहम. साडेतीनशे रुपये. आणि डग्गा परत आला. नुसता परत आला नाही, तर पेटीच्या स्पीकरमधून जे कधीच ऐकू आलं नसेल ते सगळं आलं. मागे दोन व्हायोलिनं आहेत हे कळलं. गायिका दुसऱ्या अंतऱ्याआधी श्वास घेते तो कळला. तबकडी मोनो, त्यामुळे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज, आणि असं असलं की कानाला गायिका दोन्हींच्या बरोबर मधोमध उभी असल्यासारखी वाटते. आमच्याकडे मधोमध वाय-फायचा राउटर आहे. ती तिथून गात होती.

गाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही हे वाचणं सोडून ते लावाल.

मी आजीला हाक मारली. ती आली, खुर्चीत टेकली, पूर्ण बाजू ऐकली. मग म्हणाली, "छान आहे गं. स्वच्छ आहे." आणि थोड्या वेळाने, "पण हे आपलं नव्हे."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. दोन हेलपाटे, साडेतीनशे रुपये, आणि हे आपलं नव्हे. मी तिला समजावायला लागले की अगं, हेच खरं आहे, तबकडीत हेच कोरलंय, पेटी ते दाबून टाकत होती. ती म्हणाली, "असेल. मी कुठे बाहेर बसून ऐकायचे? मी स्वयंपाकघरात असायचे. मला पोळ्यांच्या आवाजातून ऐकू यायचं."

म्हणजे तिच्या गाण्यात तवा होता, मधलं दार होतं, झाकणातला घोगरा स्पीकर होता आणि पलीकडच्या खोलीतला नवरा होता. मी हे सगळं गाळून तिला गाणं दिलं होतं, आणि वर म्हणत होते, घे, हे खरं.

यातली गोम अशी की "तबकडीत कोरलेलं खरं" असं म्हणायचं तर तेही तितकं सोपं नाही. खालचे सूर जसेच्या तसे कोरले तर खोबण इतकी नागमोडी होईल की तबकडीवर गाणीच मावायची नाहीत. म्हणून कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे उचलतात, आणि वाजवताना नेमकं उलट करतात. कुठे किती हे आधी प्रत्येक कंपनीचं वेगळं होतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने एक वक्ररेषा ठरवली, ती पुढे जगभर चालली. दोन्ही टोकांना फरक वीस डेसिबलच्या आसपास आहे, हा काही लहानसहान आकडा नाही. तेव्हा खोबणीत जे आहे ते जाणूनबुजून वाकडं केलेलं आहे, या भरवशावर की पलीकडचा माणूस ते सरळ करून घेईल. सिरॅमिकचा तुकडा ते त्याच्या स्वभावानेच बऱ्यापैकी सरळ करतो. चुंबकाला त्यासाठी वेगळं सर्किट लागतं. करार माहीत नसलेल्याला तबकडीत फक्त चिरका आवाज सापडेल.

या करारावरून मला नेहमी केसरबाई केरकर आठवतात. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या या बाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत गेली, सोनेरी मुलाम्याच्या तांब्याच्या तबकडीवर. नासाने सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली, आवरणावर ती कशी ठेवायची याची चित्रं कोरली. तबकडीचा एक फेरा ३.६ सेकंदांत व्हावा, हे सांगण्यासाठी हायड्रोजनच्या अणूचं माप वापरलं, कारण परग्रहावर आपलं घड्याळ कोण ओळखणार. सगळी काळजी घेतली. पण ॲम्प्लिफायर आणि स्पीकर काही दिला नाही. तो ज्याचा त्याने जोडायचा. म्हणजे माझ्या तपकीर गल्लीतल्या हेलपाट्यासारखा एक हेलपाटा विश्वात कुणाच्या तरी वाट्याला शिल्लक आहे. त्यांचा स्पीकरही फार जोरात ऐकत असला, तर त्यांना केसरबाई डासासारख्या वाटतील आणि मानवजातीबद्दल गैरसमज होईल.

आणखी मागे जा. भारतात १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर राग मांडणाऱ्या बाईने तो तीन मिनिटांत बसवला, आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितलं. ती तबकडी कुठल्या मैफलीची नक्कल नाही. असं तीन मिनिटांचं गाणं कुठल्याही मैफलीत झालं नव्हतं, ते कर्ण्यासमोरच जन्मलं. अमेरिकेत तर १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने गमतीशीर प्रयोग सुरू केले. मंचावर गायिका आणि फोनोग्राफ शेजारी शेजारी. मध्येच दिवे घालवायचे. गायिका गप्प झाली आणि यंत्र गातंय हे ओळखा. लोकांना ओळखता येत नसे, टाळ्या पडायच्या, यंत्र विकलं जायचं. या प्रयोगांत गाणारी ॲना केस ही सोप्रानो पुढे म्हातारपणी सांगून गेली की ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असे. यंत्र माणसाची नक्कल करतंय असं प्रेक्षक समजत होते आणि बाई यंत्राची करत होती.

तेव्हा हाय-फाय म्हणजे उच्च प्रतीची एकनिष्ठा, हे ठीक, पण कुणाशी? गायिकेशी? खोबणीशी? की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईच्या कानाशी? मला त्या संध्याकाळपर्यंत वाटायचं की या प्रश्नाला उत्तर नाही आणि म्हणून यात कुणाची चूकही होऊ शकत नाही. ज्याला जे आवडेल ते. हे म्हणणं फार सोयीचं असतं, आणि मी त्या सोयीचा फायदा घेतला.

आजीचा चौऱ्याऐंशीवा वाढदिवस होता. आत्या, काका, चुलत भावंडं, पंधरा-सोळा माणसं. सगळ्यांना माहीत होतं की मी आजोबांचा प्लेयर "चालू केलाय". पण त्याच आठवड्यात त्याचं फिरकीचं रबर घसरायला लागलं होतं. गाणं मध्येच ओढल्यासारखं व्हायचं, गायिकेला झोप आल्यासारखं. शिवाय मला ती तबकडी वाजवायची भीतीही वाटत होती. जुन्या हाताचं वजन सुईवर पाच-सहा ग्रॅम पडतं, आजच्या टर्नटेबलला दीड-दोन पुरतात. दर वेळी वाजवलं की खोबण थोडी घासते. आता ही कारणं मी खरीच सांगतेय, पण तेव्हा मनात अजून एक होतं : सगळ्यांसमोर फजिती नको.

मग मी काय केलं, तबकडी लावली, फिरू दिली, सुई नीट वाजतगाजत खाली ठेवली, आणि मागून तार काढून घेतली. तेच गाणं फोनवरून ब्लूटूथने स्पीकरवर लावलं. फोन उशीखाली.

सगळं फार सुंदर झालं. आत्या रडली. काकांनी आजोबांच्या खुर्चीकडे बघत मान डोलावली. भावाने व्हिडिओ काढला, फिरत्या तबकडीपासून सुरू करून आजीच्या चेहऱ्यापर्यंत, तो आमच्या ग्रुपवर अजून आहे आणि त्याखाली चोवीस बदाम आहेत. मध्येच आजी उठली, सावकाश प्लेयरपाशी गेली, जरा वाकली, तिथे हात लावून परत येऊन बसली. मला वाटलं नमस्कार केला. भावालाही तेच वाटलं असावं, त्याने झूम केलंय.

रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "आज गाणं अडकलं नाही."

मी विसरलेच होते. त्या तबकडीवर दुसऱ्या अंतऱ्यात एक चरा आहे. सुई तिथे पोचली की पुढे जात नाही, एक फेरा मागे येते आणि तेच अर्धं वाक्य म्हणत राहते. तेहतीसच्या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांचा. दर पावणेदोन सेकंदांनी तेच, कुणी हाताने ढकलेपर्यंत. लहानपणी सुट्टीत कराडला हे मी शंभरदा ऐकलं असेल.

"दुरुस्त केलं ना," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.

खोबणीतला चरा दुरुस्त होत नाही. माझं पहिलं खोटं निदान मौन होतं, हे दुसरं चक्क तोंडाने बोललेलं.

पुढचे काही आठवडे मी स्वतःशी वकिली केली. नुकसान कुणाचं झालं? गाणं तेच, बाई तीच, उलट फोनवरची आवृत्ती मूळ टेपवरून केलेली असणार, म्हणजे तबकडीपेक्षा एक पायरी जवळची. पंधरा माणसांना जे हवं होतं ते मिळालं. ऑफिसात एकाला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, हे तर डेमोला करतातच."

मग मला अमेरिकेतलं एक प्रकरण सापडलं. मोबाईल फिडेलिटी नावाची कंपनी जुन्या मूळ टेपांवरून महागड्या तबकड्या काढते. शौकिनांचा समज असा की यात डिजिटल काही नाही, टेपवरून थेट तबकडी. २०२२ मध्ये बाहेर आलं की कितीतरी वर्षं त्यांच्या अनेक तबकड्यांत मधली एक पायरी डिजिटल होती. आणि मजा अशी की या तबकड्यांची "अस्सल ॲनालॉग" म्हणून वाखाणणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या कानांना ते वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीने गिऱ्हाइकांना परतावा द्यायचं कबूल केलं. नेटवर बहुतेक लोक त्या शौकिनांना हसत होते : कळलं नाही तर रडताय कशाला? मीही हसले असते. पण मला त्या लोकांची बाजू घ्यावीशी वाटली. कानाला फरक कळत नाही म्हणजे फसवणूक झाली नाही, हे मला पटत नाही. नवऱ्याने लिहिलेलं पत्र आणि त्याच्या अक्षराची हुबेहूब नक्कल, यातला फरक डोळ्यांना कळत नसेल. पण पत्र घेणाऱ्या बाईला अक्षर नको असतं, तिला तो लिहायला बसला होता हे हवं असतं.

माझा गुन्हा मात्र या कंपनीपेक्षाही वेगळा होता, कारण मी पैसे घेतले नव्हते, भलं करायला गेले होते. आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसांना जेवढं फसवलं जातं तेवढं बहुधा लहान मुलांनाही नाही, आणि जवळजवळ सगळं भल्यासाठी. रिपोर्ट नॉर्मल आलेत. भावाला बरं वाटतंय, फक्त तो फोनवर बोलू शकत नाही. घर विकलं नाही, भाड्याने दिलंय. आजोबांच्या शेवटच्या आजारात आम्ही सगळे हेच करत होतो आणि ते "हो, घेतल्या, नाही" अशी उत्तरं देत होते. आता विचार केला तर वाटतं, त्यांना कळलं असणार की समोरून येणारं सगळं फिल्टर होऊन येतंय, मग इकडून तरी पूर्ण वाक्य कशाला पाठवा.

युधिष्ठिराचं अश्वत्थाम्याबद्दलचं अर्धसत्य सगळ्यांना माहीत असतं. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत असं होतं की तो शेवटचे शब्द, हत्तीबद्दलचे, खरोखर बोलला, पण तेवढ्यात कृष्णाने शंख फुंकला. म्हणजे शब्दांत खोट नव्हती, आवाजाची पातळी कुणीतरी ठरवली होती. तरी रथ जमिनीला टेकला तो युधिष्ठिराचाच. मला वाटतं हे बरोबर आहे. शंख वाजणार हे त्याला ठाऊक होतं की नाही, यावर महाभारताच्या जाणकारांनी काय म्हटलंय ते असो. मला तरी माझी तार कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं.

मी काय चूक केलं हे शब्दांत धरायला मला वेळ लागला. आजीचं ऐकणं ही मी एक सोडवायची अडचण समजले. तिला "आठवणींचा आनंद" हवाय असं मी ठरवलं आणि तो पुरवला. तिने काय मागितलं होतं? काहीच नाही. ती फक्त म्हणाली होती, आडवा ठेवू नका.

एका रविवारी मी तिला सांगितलं. गवार मोडत बसलो होतो. मी म्हटलं, "आजी, वाढदिवसाला तबकडी वाजलीच नव्हती. मी फोनवर लावलं होतं. आणि तो चरा दुरुस्त झालेला नाही, होत नाही."

तिने गवारीतून मान वर केली नाही. "मला ठाऊक आहे."

"कसं?"

"सुई वाजत होती की आपली आपली."

तार काढली तरी सुई खोबणीत हलतेच, आणि तिचा स्वतःचा एक बारीक आवाज येतो, मुंगीने गावं तसा. जवळ कान नेला तर गाणं ओळखू येतं. त्या दिवशी स्पीकरवर गाणं दुसऱ्या अंतऱ्यातून पार पुढे गेलं होतं आणि सुई मात्र चऱ्यावर अडकून पावणेदोन सेकंदांनी तेच अर्धं वाक्य मुंगीच्या आवाजात म्हणत होती. आजीला ते लांबून दिसलं. हात पुढे सरकत नाहीये, जागच्या जागी उडतोय. पन्नास वर्षं तिने तो हात पाहिलाय. ती उठली, वाकली आणि बोटाने सुई पुढे ढकलली.

"ढकलली नसती तर भोक पडलं असतं तबकडीला," ती म्हणाली.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"एवढी माणसं होती. तू हौसेने केलं होतंस." म्हणजे ती मला फसवत होती, माझ्या भल्यासाठी.

मग तिने चऱ्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं तशी ती गोड निघाली नाही. चरा आजोबांनीच पाडला होता, हात उचलताना. तेव्हापासून रोज संध्याकाळी गाणं तिथे पोचलं की ते खुर्चीतून ओरडायचे, "अगं, अडकलं!" आणि ही कणकेचे हात पदराला पुसत स्वयंपाकघरातून यायची आणि सुई ढकलायची. खुर्चीपासून प्लेयर दोन हातांवर.

"ते स्वतः का उठत नव्हते?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

"मीही हेच म्हणायचे," आजी म्हणाली. "तोंडावर नाही म्हटलं कधी." मग गवारीचं एक देठ नखाने काढत, "तेवढंच एक बाहेर येणं व्हायचं. आले की म्हणायचे, बस जरा, हे संपेपर्यंत. कधी बसायचे, कधी तव्यावर पोळी असायची."

यात प्रेम किती, सवय किती आणि बायकोला हाक मारण्याचा नवऱ्याचा जुना हक्क किती, हे मला वेगळं काढता आलेलं नाही. तिला काढायचं नाहीये. माझा भाऊ म्हणतो, तबकडी एकदा कॉम्प्युटरवर घेऊ, चरा सॉफ्टवेअरने पुसून टाकू, दहा मिनिटांचं काम आहे. मी त्याला अजून नाही म्हटलेलं नाही आणि होही म्हटलेलं नाही. चरा जपून ठेवण्यासारखी गोष्ट आहे का, याबद्दल माझी खात्री नाही. एखाद्या बाईला पन्नास वर्षं उठवणाऱ्या चऱ्याला आपण आठवण म्हणून चौकट करायची, हेही थोडं निर्लज्जपणाचं वाटतं.

मी एवढंच केलं की पुन्हा तपकीर गल्लीत गेले, रबर बदलून घेतलं आणि काकांना एक खटका बसवायला सांगितला. एका बाजूला केला की झाकणातला घोगरा स्पीकर, दुसऱ्या बाजूला केला की माझे दोन. सुईबद्दलही विचारलं. म्हणाले, या सुया आता क्वचित मिळतात, आहे तिच्यात किती तास उरलेत सांगता येत नाही, जपून वाजवा. मी घरी येऊन आजीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "जपून म्हणजे? वाजवायचं नाही?" मी म्हटलं, कमी वाजवायचं. ती म्हणाली, "मी चौऱ्याऐंशीची आहे."

आता बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी वाजतं. खटका तीच फिरवते. मला वाटलं होतं ती कायम झाकणाच्या बाजूला ठेवेल, पण तसं नाही. बुधवारी बहुधा घोगरा, शनिवारी बरेचदा माझे. का, ते मी विचारलेलं नाही. परवा माझे लावले होते आणि म्हणाली, "ती श्वास घेते ते ऐकलंस का?" जणू मीच तिला ते पहिल्यांदा ऐकवलं नव्हतं.

गेल्या बुधवारी माझा घरूनच कॉल चालू होता, कॅमेरा बंद, हेडफोन एका कानात. मी आतल्या खोलीत. बाहेरून गाणं येत होतं, मधल्या दारातून, कुकरच्या शिट्टीतून. दुसरा अंतरा आला. अर्धं वाक्य. पुन्हा अर्धं वाक्य. पुन्हा.

"अगं," आजीने हाक मारली, "अडकलं!"

ती आजोबांच्या खुर्चीत बसली होती. प्लेयर दोन हातांवर. मी म्यूट केलं आणि उठले.